मेंदूतील अरुंद धमन्यांवरील उपचारांची तुलना : एक ऐतिहासिक आढावा (१९६७ ते २०२४)

प्रस्तावना

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला रुग्ण सावरतो आहे. हात पुन्हा हलू लागला आहे, बोलणे बऱ्यापैकी समजते आहे. तपासणीत मात्र मेंदूतील एक मोठी धमनी ऐंशी टक्के अरुंद झालेली दिसते. पडद्यावरचे चित्र पाहून नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, एवढी नळी मोकळी करून टाकता येणार नाही का?"

प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. गेल्या सुमारे साठ वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनीही तोच विचारला आणि त्यावर तीन प्रकारची उत्तरे शोधली. कोणी अरुंद जागेला वळसा घालून नवी वाट जोडली. कोणी आत फुगा आणि जाळी घालून नळी रुंद केली. कोणी नळीला हात न लावता औषधांवर भर दिला. यांपैकी कोणते उत्तर बरोबर, हे ठरवायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला आणि त्याची किंमत काही रुग्णांनी मोजली.

या पाठात आपण या तुलनेचा इतिहास पाहणार आहोत. त्यातून निघणारा मुख्य मुद्दा असा की, धमनी मोकळी होणे आणि रुग्ण पुढच्या झटक्यापासून वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक अनुभवातून किंवा चित्रांतून कळला नाही. दोन गट शेजारी ठेवून मोजल्यावरच तो कळला.

१. आजाराचे स्वरूप

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या गळ्यातून वर जातात आणि कवटीच्या आत गेल्यावर त्यांना फाटे फुटतात. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि रक्तातील वाढलेली चरबी यांमुळे धमनीच्या आतल्या थरात चरबीयुक्त थर साचतो. याला धमनीकाठिण्य म्हणतात. असा थर कवटीच्या आतील धमनीत साचला की पक्षाघात तीन मार्गांनी होऊ शकतो. थरावर रक्ताची गुठळी तयार होऊन पुढे वाहत जाते. अरुंद जागेपलीकडे रक्त कमी पोहोचते. किंवा मोठ्या धमनीतून निघणाऱ्या केसासारख्या बारीक फांद्यांची तोंडे थराखाली बुजतात. ही तिसरी शक्यता लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

गोऱ्या लोकांत गळ्यातील धमन्यांचा आजार तुलनेने जास्त आढळतो. पूर्व व दक्षिण आशियातील आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून हा विषय भारतीय विद्यार्थ्याला जवळचा आहे.

निसर्गानेही यावर काही तजवीज केलेली आहे. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याचे वर्णन केले. एका शवविच्छेदनात त्यांना गळ्यातील एक धमनी जवळजवळ बंद आढळली होती, तरीही त्या माणसाला पक्षाघात झालेला नव्हता. दुसऱ्या धमन्यांनी काम भागवले होते. अरुंद धमनी म्हणजे हमखास झटका असे समीकरण नाही, याची ही फार जुनी नोंद आहे.

२. धमनी दिसू लागली

जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या पाहण्याची सोय विसाव्या शतकात झाली. पोर्तुगालमधील लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये धमनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. या अँजिओग्राफीमुळे आजाराची जागा बोट ठेवून दाखवता येऊ लागली.

जागा दिसली की ती दुरुस्त करावीशी वाटते. पण चित्राचा अर्थ लावताना सावध का राहावे, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मेंदूच्या धमनीत गुठळी अडकलेल्या रुग्णांची निरीक्षणे मांडली. काही दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी केल्यावर काही रुग्णांतील गुठळी आपोआप विरघळलेली आढळली. समजा, अशा रुग्णाला मधल्या काळात एखादे औषध दिले असते, तर श्रेय त्या औषधाला गेले असते. उपचार न मिळालेला गट शेजारी असल्याशिवाय उपचाराचा गुण ठरवता येत नाही, हे या निरीक्षणावरून स्पष्ट होते.

३. पहिली तुलना : बायपास शस्त्रक्रिया

अमेरिकेतील व्हरमाँट येथे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र विकसित होत होते. ते शिकून झ्यूरिचला परतलेले तुर्की वंशाचे शल्यविशारद गाझी याशारगिल यांनी १९६७ मध्ये कानशिलावरील धमनी कवटीला छिद्र पाडून आत नेली आणि मेंदूच्या धमनीला जोडली. रस्ता बंद असेल तर शेजारच्या गल्लीतून वाट काढावी, तसा हा विचार होता. पुढच्या दहा वर्षांत ही शस्त्रक्रिया अनेक देशांत पसरली. रुग्ण बरे होत होते, जोडलेली धमनी वाहताना दिसत होती, शल्यविशारदांचा विश्वास वाढत होता.

१९७७ मध्ये कॅनडाचे हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. ७१ केंद्रांतील १,३७७ रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली गेली. ७१४ जणांना ॲस्पिरिन व रक्तदाबावरील उपचार मिळाले. ६६३ जणांना त्याच उपचारांबरोबर शस्त्रक्रियाही मिळाली. चिठ्ठी टाकण्याचे कारण असे की, डॉक्टरने स्वतः निवड केली तर धडधाकट रुग्ण शस्त्रक्रियेकडे आणि अशक्त रुग्ण औषधांकडे जाण्याचा संभव असतो. मग निकालात दिसणारा फरक उपचाराचा की निवडीचा, हे सांगता येत नाही.

१९८५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया तंत्र म्हणून उत्तम झाली होती. जोडलेल्या ९६ टक्के धमन्या वाहत होत्या. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांना पक्षाघात कमी झाले नाहीत. उलट त्या गटात पक्षाघात थोडे अधिक आणि लवकर आले. मेंदूची मधली धमनी तीव्र अरुंद असलेल्या १०९ रुग्णांत तर बायपासने स्पष्ट तोटा दिसला.

या निकालावर मोठा वाद झाला. अनेक केंद्रांत बरेच रुग्ण चाचणीबाहेर ठेवून थेट शस्त्रक्रियेसाठी नेले गेले होते, त्यामुळे ज्यांना खरा फायदा झाला असता तेच मोजणीतून सुटले, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता, पण त्याने शस्त्रक्रियेची बाजूही सिद्ध होत नव्हती. ही शस्त्रक्रिया त्यानंतर झपाट्याने मागे पडली.

येथे एक गैरसमज टाळावा. यादृच्छिक चाचणी ही शस्त्रक्रियेची शत्रू नाही. बार्नेट यांच्याच नेतृत्वाखालील दुसऱ्या चाचणीने १९९१ मध्ये दाखवले की गळ्यातील धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद असेल आणि तिच्यामुळे झटका आला असेल, तर शस्त्रक्रियेने दोन वर्षांतील त्या बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर येते. गळ्यात जे लागू पडले ते कवटीच्या आत लागू पडले नाही. एका जागेचा निष्कर्ष दुसऱ्या जागी नेता येत नाही.

४. दुसरी तुलना : वॉरफेरिन की ॲस्पिरिन

शस्त्रक्रिया मागे पडल्यावर औषधांचा प्रश्न पुढे आला. रक्त गोठू न देणारे वॉरफेरिन मेंदूच्या अरुंद धमन्यांसाठी अनेक डॉक्टर वापरत होते. १९९५ मध्ये अमेरिकेतील मार्क किमोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १५१ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यांत वॉरफेरिन घेणाऱ्यांची स्थिती ॲस्पिरिन घेणाऱ्यांपेक्षा बरीच चांगली दिसली.

त्याच संशोधकांनी पुढे आपलाच निष्कर्ष यादृच्छिक चाचणीने तपासला. 'वासिड' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत ५६९ रुग्ण होते. ती वेळेआधी थांबवावी लागली, कारण वॉरफेरिन गटात इजा जास्त होत होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे :

पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव किंवा इतर रक्तवाहिनीविकाराने मृत्यू : ॲस्पिरिन २२.१ टक्के, वॉरफेरिन २१.८ टक्के.
कोणत्याही कारणाने मृत्यू : ॲस्पिरिन ४.३ टक्के, वॉरफेरिन ९.७ टक्के.
मोठा रक्तस्राव : ॲस्पिरिन ३.२ टक्के, वॉरफेरिन ८.३ टक्के.

फायदा सारखाच, धोका दुपटीहून अधिक. जुन्या नोंदींत दिसलेला फरक टिकला नाही. स्वतःचे मत चुकीचे ठरू शकेल अशी चाचणी स्वतःच आखणे, हे या प्रकरणाचे विशेष आहे.

'वासिड'ने आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ पाचातील एकाला औषध चालू असतानाही वर्षभरात त्याच धमनीच्या क्षेत्रात पुन्हा पक्षाघात होत होता. मग या रुग्णांसाठी काहीतरी अधिक करायला हवे, असा विचार बळावला.

५. तिसरी तुलना : स्टेंट

हृदयाच्या धमन्यांत फुगा फुगवून जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याचे तंत्र तोवर रुळले होते. मेंदूच्या धमनीत फुग्याचा वापर अमेरिकेतील सन्ट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्येच नोंदवला होता. २००५ मध्ये मेंदूच्या धमनीसाठी खास बनवलेल्या 'विंगस्पॅन' स्टेंटला अमेरिकी औषध नियामकाने मर्यादित स्वरूपाची परवानगी दिली. तिचा मुख्य आधार ४५ रुग्णांचा एक अभ्यास होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

तुलना २००८ मध्ये 'सॅम्प्रिस' चाचणीने सुरू केली. तिचे नेतृत्वही किमोविट्झ यांच्याकडेच होते. नुकताच झटका आलेले आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले रुग्ण तीत घेतले गेले. दोन्ही गटांना काटेकोर औषधोपचार मिळाले : ॲस्पिरिन रोज, पहिले ९० दिवस क्लोपिडोग्रेलही, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ठरलेल्या मर्यादेखाली, शिवाय व्यायाम, वजन आणि धूम्रपान सोडण्यासाठी नियमित पाठपुरावा. एका गटाला त्याशिवाय स्टेंट बसवला गेला.

७६४ रुग्ण घेण्याचे ठरले होते. एप्रिल २०११ मध्ये ४५१ रुग्णांनंतर नवी भरती थांबवण्यात आली. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंट गटात १४.७ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५.८ टक्के होते. स्टेंट गटातील ३३ पक्षाघातांपैकी १० मेंदूतील रक्तस्रावाचे होते. औषध गटात असा एकही नव्हता. वर्षअखेर प्रमाण २० टक्के विरुद्ध १२.२ टक्के झाले. तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावरही स्टेंट गट मागेच राहिला. वेगळ्या प्रकारच्या स्टेंटवर झालेल्या 'व्हिसिट' चाचणीचा २०१५ मधील निकालही त्याच दिशेचा होता.

६. असे का झाले?

पहिले कारण रचनेत आहे. मेंदूच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा पातळ भिंतीच्या आणि वळणदार असतात. त्यांतून निघणाऱ्या बारीक फांद्या मेंदूच्या खोल भागाला रक्त देतात. फुगा फुगवताना चरबीचा थर बाजूला दाबला जातो आणि या फांद्यांच्या तोंडांत सरकतो. मुख्य नळी चित्रात सुंदर दिसते, पण फांदी बंद पडून रुग्णाचा हात-पाय लुळा पडतो. तसेच बरेच दिवस कमी रक्तावर राहिलेल्या भागात एकदम पूर्ण दाबाने रक्त आल्यास रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरे कारण तुलनेत आहे. स्टेंट ज्या औषधोपचाराशी स्पर्धा करत होता, तो दरम्यान सुधारला होता. 'वासिड'मधील अशाच रुग्णांत वर्षभरातील धोका सुमारे २५ टक्के होता. 'सॅम्प्रिस'च्या औषध गटात तो जवळजवळ निम्मा झाला. पुढे २०१३ मध्ये चीनमधील ५,१७० रुग्णांच्या 'चान्स' चाचणीने किरकोळ पक्षाघातानंतर लगेच २१ दिवस दोन औषधे देण्याचा फायदा मोठ्या प्रमाणावर सिद्ध केला. ९० दिवसांतील पुन्हा पक्षाघाताचे प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आले. जुन्या औषधोपचाराच्या आकड्यांशी नव्या उपकरणाची तुलना केली असती, तर उपकरण उगाच चांगले दिसले असते.

७. तुलना पुढे सरकते

'सॅम्प्रिस'नंतर प्रश्न संपला नाही, तो अधिक नेमका झाला. कोणत्या रुग्णाला, झटक्यानंतर किती दिवसांनी, कोणत्या हातांनी आणि कोणत्या साधनाने, असे विचारले जाऊ लागले. अमेरिकी नियामकाने २०१२ मध्ये स्टेंटचा वापर औषधे असूनही दोन किंवा अधिक पक्षाघात झालेल्या निवडक रुग्णांपुरता मर्यादित केला. या अटी पाळून १५२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या ७२ तासांतील पक्षाघात व मृत्यूचे प्रमाण २.६ टक्के आढळले. निवड आणि कौशल्य यांनी धोका कमी होतो हे त्यातून दिसले, पण तुलनेचा गट नसल्याने फायदा सिद्ध झाला नाही.

तो प्रश्न चीनमधील संशोधकांनी हाती घेतला. चीनमध्ये या आजाराचे ओझे फार मोठे आहे, त्यामुळे पुढच्या चाचण्या तेथेच व्हाव्यात हे साहजिक होते. 'कॅसिस' चाचणीत झटक्यानंतर तीन आठवडे थांबून, बारीक फांद्यांचा पक्षाघात झालेले रुग्ण वगळून, अनुभवी केंद्रांत स्टेंट बसवले गेले. २०२२ मध्ये निकाल आला : मुख्य निकषावर स्टेंट गटात ८ टक्के आणि औषध गटात ७.२ टक्के. मोठी हानी टळली, पण लाभही झाला नाही.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बेसिस' चाचणीने प्रथमच वेगळे चित्र दाखवले. येथे जाळी बसवली नाही. धमनीच्या मूळ व्यासाच्या साधारण ५० ते ७० टक्के एवढाच लहान फुगा हळूहळू फुगवला. धमनी पूर्ण रुंद करण्याचा हट्ट सोडून दिला होता. पक्षाघात झालेल्या रुग्णांत किमान १४ दिवस थांबले गेले. सुमारे ५०० रुग्णांत वर्षभरातील एकत्रित निकषाचे प्रमाण फुगा गटात ४.४ टक्के आणि केवळ औषध गटात १३.५ टक्के होते.

हा निकाल महत्त्वाचा आहे, पण तो काळजीपूर्वक वाचावा. पहिल्या ३० दिवसांत धोका फुगा गटातच थोडा जास्त होता : ३.२ विरुद्ध १.६ टक्के. प्रक्रियेत साधारण सातातील एका रुग्णाच्या धमनीचा आतला थर फाटला होता. एकत्रित निकषात नंतर त्याच धमनीवर पुन्हा प्रक्रिया करावी लागणे हेही मोजले होते. कोणाला कोणता उपचार मिळाला हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत असताना, पुन्हा प्रक्रिया करण्याचा निर्णय त्या माहितीच्या प्रभावापासून पूर्ण मुक्त राहील असे नाही. म्हणून इतर देशांतही अशी चाचणी होणे आवश्यक आहे.

८. भारतीय संदर्भ

या इतिहासातल्या बहुतेक मोठ्या चाचण्या उत्तर अमेरिका आणि चीनमध्ये झाल्या. त्यांचा भारतासाठी अर्थ काय?

सर्वांत पक्का निष्कर्ष साध्या गोष्टींच्या बाजूने आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्याकडे बनतात आणि स्वस्त मिळतात. पण 'सॅम्प्रिस'च्या औषध गटाचे यश गोळ्यांच्या चिठ्ठीत नव्हते. गोळ्या रोज घेतल्या जातात का, दाब खरोखर उतरला का, तंबाखू सुटली का, हे कोणीतरी सतत पाहत होते. भारतातील ३१ केंद्रांत झालेल्या 'स्प्रिंट इंडिया' चाचणीत पक्षाघातानंतरचे शिक्षण रुग्णांना १२ भाषांत संदेश, चित्रफिती आणि पुस्तिकेद्वारे दिले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षभरात पुन्हा पक्षाघात होण्यात फरक पडला नाही. मात्र औषधे नियमित घेण्याचे आणि व्यसने सोडण्याचे प्रमाण काहीसे सुधारले. म्हणजे पाठपुरावा कसा करावा, हाही मोजून शोधण्याचाच विषय आहे.

आता आरंभीच्या नातेवाइकांकडे परत येऊ. त्यांना देण्याचे प्रामाणिक उत्तर असे असेल : "नळी रुंद करता येते. पण ती केल्याने रुग्ण सुरक्षित होतोच असे नाही. काही वेळा त्यानेच झटका येतो. आधी औषधे काटेकोर घेऊ. तरीही त्रास झाला तर निवडक रुग्णांसाठी फुग्याचा विचार होऊ शकतो." या पाच वाक्यांमागे हजारो रुग्णांनी चिठ्ठीच्या निकालावर ठेवलेला विश्वास आहे. त्यांतल्या काहींना वाट्याला आलेल्या उपचाराने इजा झाली. त्यांच्यामुळे पुढच्यांची इजा टळली.

सारांश

• १९८५ : बायपासची ९६ टक्के जोडणी वाहती राहूनही पक्षाघात कमी झाले नाहीत.
• २००५ : वॉरफेरिन ॲस्पिरिनपेक्षा अधिक गुणकारी ठरले नाही, धोका मात्र वाढला.
• २०११ : काटेकोर औषधोपचार स्टेंटपेक्षा सुरक्षित ठरला.
• २०२२ : रुग्णांची काळजीपूर्वक निवड करूनही स्टेंटचा लाभ दिसला नाही.
• २०२४ : औषधांच्या जोडीला लहान फुग्याने लाभ दिसला, इतर देशांत पडताळणी आवश्यक.

स्वाध्याय

१. जुन्या नोंदींच्या अभ्यासात वॉरफेरिन चांगले का दिसले असावे? यादृच्छिक विभागणीने कोणती त्रुटी दूर होते?
२. 'जोडलेली धमनी वाहते आहे' हा उपचाराच्या यशाचा पुरेसा निकष का नाही? बायपास आणि स्टेंट या दोन्हींच्या आधारे लिहा.
३. 'बेसिस' चाचणीत पहिल्या ३० दिवसांचे आणि वर्षअखेरचे आकडे वेगळ्या दिशा दाखवतात. रुग्णाला हे कसे समजावून सांगाल?